पठ्ठ्यांचा गौरव आणि वस्तादांची नावे

वऱ्हाडात कापसाचा हंगाम ज्यांनी पाहिला आहे त्यांना एक गोष्ट निराळी सांगावयास नको. जिनातून गाठ बांधून बाहेर पडते तेव्हा तिच्यावर कारखान्याचा शिक्का असतो, क्रमांक असतो, वजनही असते. पऱ्हाटीच्या ओळीतून तो कापूस जिने वेचला तिचे नाव मात्र त्या गाठीवर कोठेच नसते. गाठ मुंबईस जाते, तिचे सूत होते, कापड होते, आणि कापडाच्या काठावर गिरणीचे नाव छापले जाते. खेळाच्या मैदानावरही बहुधा असेच घडते. ढाल जिंकून आणणाऱ्याचे नाव कोरले जाते. ज्याने त्याला पहाटे पाच वाजता उठवून धावावयास लावले त्याचे नाव कोरण्याची कोणास आठवण होत नाही.

श्रोतेहो, आज आम्ही ज्या विषयावर चार शब्द बोलणार आहोत तो हाच आहे. विद्यापीठाच्या मैदानावर घडलेल्या खेळाडूंचा आणि त्यांना घडविणाऱ्या शिक्षकांचा कायमचा गौरव कसा करावा? परदेशी विद्यापीठांतून यासाठी 'हॉल ऑफ फेम' असतात. दरवर्षी काही जुने खेळाडू व काही जुने मार्गदर्शक निवडावयाचे, समारंभाने त्यांचा सत्कार करावयाचा आणि त्यांची नावे व तसबिरी एका दालनात कायमच्या लावावयाच्या, अशी ती रीत आहे. आपण त्यास कीर्तिदालन म्हणू. अशी दालने कोठून आली, त्यांत काय चांगले व काय फसवे आहे, आणि अमरावती-अकोल्याच्या आपल्या मुलखात असे दालन करावयाचे झाल्यास त्यात पहिली जागा कोणाची, हे पाहावयाचे आहे.

आम्ही शिकलो त्या शाळेत मुख्याध्यापकांच्या खोलीत एक काचेचे कपाट होते. त्यात ढाली व चषक मांडलेले असत. ढालीवरील पितळी पट्ट्यांवर वर्षे होती आणि संघनायकांची नावे होती. ज्यांनी हे सारे संघ तयार केले ते आमचे ड्रिलमास्तर त्याच कपाटाची किल्ली सांभाळीत. स्नेहसंमेलनाच्या आदल्या दिवशी ते स्वतः चिंच लावून त्या ढाली घासून लख्ख करीत. मैदानावर फक्कीच्या रेषा तेच ओढीत, खो-खोच्या खांबांना तेल तेच लावीत, आणि कोणा पोराजवळ गावी परत जाण्यास भाडे नसले तर तेही तेच देत. ते निवृत्त झाले तेव्हा त्यांना एक नारळ व एक शाल मिळाली. कपाटातील एकाही पट्टीवर त्यांचे नाव नव्हते. त्या वेळी आम्हांला त्यात काही वावगे वाटले नाही. आज वाटते, आणि म्हणूनच हा विषय आम्ही घेतला आहे.

प्रथम थोडे मागे जाऊ. ग्रीस देशात ऑलिंपिया येथे जे सामने भरत त्यांची परंपरागत सुरुवात ख्रिस्तपूर्व ७७६ या वर्षी मानतात. त्या वर्षी धावण्याची शर्यत एलिस येथील कोरोइबस नावाच्या माणसाने जिंकली, आणि हा कोरोइबस धंद्याने आचारी होता असे जुने ग्रंथकार सांगतात. पावणेतीन हजार वर्षांपूर्वीच्या एका आचाऱ्याचे नाव आपणांस ठाऊक असावे हे आश्चर्य नव्हे काय? त्याचे कारण त्याच्या पायांतील वेगाइतकेच दुसऱ्या एका माणसाच्या लेखणीत आहे. ख्रिस्तपूर्व ४००च्या सुमारास एलिसच्याच हिप्पियास नावाच्या विद्वानाने जुन्या विजेत्यांची यादी जुळविली. त्याने ती जुळविली नसती तर कोरोइबस धावला काय आणि न धावला काय, सारखेच झाले असते. विजयाच्या जागी घातलेला ऑलिव्हच्या पानांचा मुकुट आठवड्यात वाळला. यादी मात्र टिकली.

त्याच ग्रीसमध्ये पिंडार नावाचा कवी विजेत्यांवर स्तुतिगीते रचीत असे. विजेत्यांची घराणी त्यास मोबदला देऊन ती करवून घेत. या गीतांत एक लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट आढळते. काही गीतांत विजेत्याच्या जोडीने त्याच्या शिक्षकाचेही नाव येते. अथेन्सचा मेलेसियास नावाचा कुस्तीचा एक शिक्षक होता. त्याच्या शिष्यांनी त्यास मिळवून दिलेल्या तीस विजयांचा उल्लेख पिंडारने केला आहे. शिष्याच्या विजयाची मोजणी गुरूच्या खात्यावर मांडावयाची, ही दृष्टी तेव्हाही होती.

ती आपल्याकडे तर होतीच होती. जत्रेच्या कुस्त्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांनी आठवून पाहावे. हलगी वाजते, जोड फडात उतरते, आणि पुकारा होतो तो कसा? अमुक वस्तादांचा पठ्ठा, अमुक तालमीचा, असा. पैलवानाच्या स्वतःच्या नावाआधी वस्तादाचे नाव उच्चारले जाते. कुस्ती मारल्यावर पैलवान गुलालाने माखलेला तसाच वस्तादाच्या पायांवर डोके ठेवतो, आणि हरल्यावर लोक म्हणतात की वस्तादाने डाव शिकविला नाही. यशात आणि अपयशात, दोहोंतही गुरू धरलेला असतो. मल्लखांबाचेही तेच आहे. ही विद्या सांगताना दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांचे नाव आधी घेतले जाते. त्यांनी स्वतः किती सामने जिंकले हे कोणी विचारीत नाही. त्यांनी विद्या पुढच्यांच्या हाती दिली, एवढ्यासाठीच त्यांचे नाव राहिले.

मग हे नाव गळाले कोठे? आमच्या मते ते प्रमाणपत्राच्या कागदावर गळाले. आखाड्यातून खेळ शाळेत आला, शाळेतून महाविद्यालयात गेला, नियमांची पुस्तके झाली, गुणतक्ते झाले. हे सर्व चांगलेच झाले. परंतु छापील प्रमाणपत्रावर रकाने होते ते खेळाडूचे नाव, संस्था, खेळ, क्रमांक आणि वर्ष यांचे. शिकविणाऱ्यासाठी रकानाच नव्हता. तोंडी परंपरेत जे नाव सर्वांत आधी येई ते लेखी परंपरेत मुळीच आले नाही.

हे नुकसान कोणत्याही गावास सोसावेच लागते, पण अमरावतीस ते अधिक लागते. त्याचे कारण या गावाच्या इतिहासात आहे.

१९१४ साली अंबादासपंत वैद्य व अनंतराव वैद्य या बंधूंनी अमरावतीस हनुमान आखाडा काढला. याच वर्षीच्या जून महिन्यात लोकमान्य टिळक मंडालेहून सुटून आले होते. देशकार्यासाठी शरीर कमावले पाहिजे ही भावना तरुणांत होतीच. गावोगावी आखाडे निघत होते आणि त्यांतील पुष्कळसे काही वर्षांनी बंदही पडत होते. हा आखाडा बंद पडला नाही. त्याचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाले. या नावातील 'प्रसारक' हा शब्द नीट पाहावा. आपल्या आखाड्यात चार नामांकित मल्ल तयार करून थांबावे असा या मंडळींचा विचार नव्हता. व्यायाम शिकविणारी माणसे तयार करावी आणि ती सर्वत्र पाठवावी, असा तो होता. उन्हाळ्याच्या सुटीत येथे वर्ग भरत. निरनिराळ्या प्रांतांतून शिक्षक व विद्यार्थी येत, लाठी, लेझीम, मल्लखांब, कुस्ती, आसने, देशी व परदेशी खेळ शिकत आणि आपापल्या गावच्या शाळांतून शिकवावयास जात. पुढे याच संस्थेतून शारीरिक शिक्षणाचे पदवी महाविद्यालय उभे राहिले.

मद्रासला हॅरी बक यांनी १९२० साली वाय. एम. सी. ए.चे शारीरिक शिक्षण महाविद्यालय काढले. ग्वाल्हेरचे राष्ट्रीय महाविद्यालय १९५७ साली निघाले. या दोन नावांच्या शेजारी अमरावतीचे नाव मांडले म्हणजे आपल्या गावाने काय केले ते कळते. नागपूर-मुंबईसारखी राजधानी नसलेल्या, कापसाच्या बाजाराच्या एका गावाने देशाला व्यायामशिक्षक पुरविले. वऱ्हाडचे खरे क्रीडाधन हे शिक्षक होत. म्हणून येथील कीर्तिदालनात शिक्षकास केवळ सोबतीची जागा देऊन भागावयाचे नाही.

१९३६ सालची गोष्ट पुष्कळांनी ऐकलेली असेल. त्या वर्षी बर्लिन येथे ऑलिंपिक सामने भरले. भारताच्या हॉकी संघाने १५ ऑगस्ट रोजी अंतिम सामन्यात जर्मनीचा ८ विरुद्ध १ असा पराभव केला, आणि ध्यानचंदांचे नाव जगभर गाजले. त्याच बर्लिनमध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथकही गेले होते. मल्लखांब, हुतूतू असे आपले देशी प्रकार त्यांनी तेथे परदेशी प्रेक्षकांपुढे करून दाखविले. जगाच्या खेळांच्या मेळाव्यात हुतूतू दिसला तो अमरावतीच्या मुलांमुळे. पुढे १९९० साली बीजिंगच्या आशियाई सामन्यांत कबड्डीस पदकाचा खेळ म्हणून जागा मिळाली. म्हणजे मध्ये चौपन्न वर्षे गेली.

आता आम्ही आपणांस एक प्रश्न विचारतो. १९३६च्या हॉकी संघातील एक नाव येथे बसलेल्या शाळकरी मुलासही सांगता येईल. त्याच वर्षी आपल्याच गावातून बर्लिनला गेलेल्या पथकातील किती नावे आपणांस सांगता येतील? कोणी एक सांगेल, कोणी दोन. बहुतेकांस एकही सांगता येणार नाही. हॉकीच्या संघाची नोंद पदकतालिकेत झाली. प्रात्यक्षिकांची नोंद तालिकेत होत नसते. त्या पथकातील तरुणात तरुण मुलगाही आज शंभरी ओलांडून गेला असता. त्यांना शिकविणाऱ्यांची पिढी तर त्याहूनही आधीची. विचारावयाचे ते वेळेवर विचारले नाही, तर पुढे विचारावयास माणूसच उरत नाही, हे या एका उदाहरणावरून ध्यानात यावे.

योगायोग असा की, याच १९३६ साली अमेरिकेत बेसबॉल या खेळाच्या कीर्तिदालनासाठी पहिली निवड झाली. मात्र दालनाची कल्पना त्याहून जुनी आहे आणि ती मुळात खेळासाठी नव्हती. बव्हेरियाच्या लुडविग राजाने डॅन्यूब नदीच्या काठी थोर जर्मनांचे पुतळे व नावे मांडलेले एक मंदिर बांधविले. ते १८४२ साली उघडले. पुढे न्यूयॉर्क विद्यापीठाने थोर अमेरिकनांसाठी दालन केले आणि त्यासाठी पहिली निवड १९०० साली झाली. कीर्तिदालन आणि विद्यापीठ यांचा संबंध असा प्रथमपासूनच आहे.

बेसबॉलच्या दालनाचे नियम पाहण्यासारखे आहेत. खेळ सोडून पाच वर्षे झाल्याखेरीज खेळाडूचा विचार होत नाही. मत देण्याचा अधिकार तो खेळ वर्षानुवर्षे पाहणाऱ्या वृत्तपत्रकारांना आहे, आणि शेकडा ७५ मते मिळाल्याशिवाय प्रवेश नाही. पहिल्या वर्षी पाचच खेळाडू निवडले गेले. त्यांतील सर्वांत पुढच्या खेळाडूलाही २२६पैकी २२२ मते पडली. सर्वच्या सर्व मते मिळवून निवडला गेलेला पहिला खेळाडू पुढे २०१९ साली झाला. पाच वर्षांची अट शहाणपणाची आहे. टाळ्यांचा आवाज बसल्यावर जे उरते त्याचेच मोल करावे, हा तिचा हेतू. आंतरराष्ट्रीय क्रिकेट मंडळाने २००९ साली आपले दालन सुरू केले. त्याच्या पहिल्या यादीत बेदी, गावसकर व कपिलदेव होते. विनू मंकड यांचे नाव त्यात २०२१ साली आले. मंकड १९७८ सालीच वारले होते.

आपल्या देशातील सन्मानांचा हिशेब मांडला तर काय दिसते? खेळाडूंसाठी अर्जुन पुरस्कार १९६१ साली सुरू झाला. शिक्षकांसाठी द्रोणाचार्य पुरस्कार सुरू झाला तो १९८५ साली. म्हणजे शिष्यांचा सत्कार सुरू झाल्यावर गुरूंची आठवण होण्यास चोवीस वर्षे लागली. पहिल्या वर्षी तो तिघांस मिळाला : कुस्तीचे भालचंद्र भागवत, पी. टी. उषा यांचे शिक्षक ओ. एम. नंबियार आणि मुष्टियुद्धाचे ओमप्रकाश भारद्वाज. पहिल्या तिघांत एक मराठी वस्ताद आहे याचा आपणांस अभिमान वाटावा. मल्लखांबाच्या शिक्षकास हा पुरस्कार मिळण्यास मात्र २०२० साल उजाडले. तो उज्जैनच्या योगेश मालवीय यांना मिळाला. दादरचे मल्लखांब-गुरू उदय देशपांडे यांना २०२४ साली पद्मश्री दिली गेली. आमच्या अमरावतीच्या प्रभाकरराव वैद्यांना पद्मश्री मिळाली ती २०१२ साली, म्हणजे आखाडा निघाल्यावर जवळजवळ शंभर वर्षांनी.

पुरस्काराला द्रोणाचार्यांचे नाव आहे, आणि ते उच्चारले की एकलव्य आठवतोच. ज्याला दारातून परत पाठविले, तोच स्वतः शिकून पुढे गेला, आणि त्याच्याकडून अंगठाही मागून घेतला. मेळघाटातील कोरकू मुलगा असो की बाळापूरकडील एखाद्या खेड्यातील मजुराची मुलगी असो, सन्मानाच्या याद्या करताना या कथेचे भान ठेवावे. जो यादीत आला नाही तो त्या लायकीचा नव्हताच, असे समजण्याची घाई करू नये. पुष्कळदा त्याच्यासाठी दार उघडणारा कोणी भेटला नाही, एवढेच त्याचे कारण असते.

उशिरा केलेला गौरव कसा असतो ते खाशाबा जाधवांच्या कथेत दिसते. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये त्याने कुस्तीत कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे व्यक्तिशः मिळविलेले ते पहिले ऑलिंपिक पदक. तेथे जाण्यास पैसे नव्हते तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, ही हकीकत प्रसिद्ध आहे. परत आल्यावर गावकऱ्यांनी त्यांची बैलगाड्यांतून मिरवणूक काढली. पुढे ते पोलीस खात्यात गेले, निवृत्त झाले, आणि १९८४ साली अपघातात वारले. अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला तो मृत्यूनंतर दीड दशक उलटून गेल्यावर. दिल्लीच्या कुस्ती-सभागृहास त्यांचे नाव दिले गेले ते २०१० साली. गावाने त्यांना लगेच ओळखले, सरकारदरबारास वेळ लागला. या कथेत आणखी एक माणूस आहे, तो म्हणजे घर गहाण टाकणारा प्राचार्य. तो स्वतः लंगोट लावून आखाड्यात उतरला नव्हता. पण त्याच्यावाचून पदक आले नसते. कीर्तिदालनात अशा माणसासही जागा पाहिजे.

आता आपल्या विद्यापीठाकडे येऊ. १ मे १९८३ रोजी नागपूर विद्यापीठातून वेगळे होऊन अमरावती विद्यापीठ स्थापन झाले, आणि पुढे त्यास संत गाडगेबाबांचे नाव मिळाले. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा व वाशीम हे पाच जिल्हे त्याच्या कक्षेत आहेत. अकोल्यास १९६९ सालापासून कृषी विद्यापीठ आहे ते वेगळेच. आंतरविद्यापीठ सामन्यांत जो खेळतो त्यास विद्यापीठाचा 'कलर' मिळतो, आणि तो कोट घरोघरी खुंटीवर जपून ठेवलेला आम्ही पाहिला आहे. खेळाचा वारसा येथे कमी नाही. २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई सामन्यांत सुवर्णपदक मिळविणाऱ्या क्रिकेट संघात अमरावतीचा जितेश शर्मा होता. त्याच सामन्यांत तिरंदाजीच्या सुवर्णपदकविजेत्या संघात बुलढाण्याचा प्रथमेश जावकर होता. अकोल्याचा अथर्व तायडे विदर्भाच्या क्रिकेट संघातून खेळतो. अकोल्यातील क्रीडा प्रबोधिनीत मुष्टियुद्धाचे शिक्षण चालते. हे सर्व खेळाडू वर्तमानपत्रांतून आपणांस भेटतात. यांच्या हातात पहिली बॅट, पहिले धनुष्य कोणी दिले, हे आपल्यापैकी कितीजण विचारतात?

असे दालन आपल्या मुलखात करावयाचे तर ते कसे असावे? आम्ही आमचे विचार मांडतो. जाणकारांनी त्यांत भर घालावी.

पहिली गोष्ट ही की, खेळाडूचे नाव शिक्षकाच्या नावावाचून लावू नये. प्रत्येक तसबिरीखाली, हा कोणाचा पठ्ठा, हे लिहिलेच पाहिजे. यासाठी निराळा समारंभ नको, निराळा पैसाही नको. फडातील पुकाऱ्याची जुनी रीत कागदावर आणावयाची, एवढेच.

दुसरी गोष्ट शिक्षकांच्या निवडीची. शिक्षकाने किती पदके मिळवून दिली एवढ्यावरच त्याचे मोजमाप करू नये. ज्याने तीस वर्षे तालुक्याच्या शाळेत मुलांना धावावयास शिकविले, आणि ज्याच्या हातून गेलेल्यांपैकी दहाजण पुढे स्वतः शिक्षक झाले, त्याने एका पदकविजेत्याच्या गुरूइतकेच काम केले आहे. अमरावतीची परंपरा शिक्षकातून शिक्षक निर्माण करण्याची आहे. तिला शोभेल असेच माप लावावे. त्याबरोबर शिक्षकाचे वर्तनही पाहावे. पोरांना, आणि विशेषतः मुलींना, ज्याच्या मैदानावर निर्भय वाटले नाही, त्याने कितीही ढाली आणल्या तरी त्यास दालनात जागा देऊ नये.

तिसरी गोष्ट सांघिक खेळांची. कबड्डीत सातजण मैदानात असतात, खो-खोत नऊजण. त्यांतून एक निवडला तर बाकीच्यांवर अन्याय होतो. म्हणून संघच्या संघ गौरवावा, राखीव खेळाडूंसह आणि मैदानावर पाणी मारणाऱ्या शिपायासह.

चौथी गोष्ट स्त्रियांची. त्यांच्या नोंदी शोधणे अवघड जाते, आणि त्याचे कारण साधे आहे. मुलगी महाविद्यालयात एका नावाने खेळते आणि लग्नानंतर दुसऱ्या नावाने ओळखली जाते. चाळीस वर्षांनी शोधणाऱ्यास ती सापडतच नाही. यादीत दोन्ही नावे लिहावी. हे लहानसे काम केले नाही तर अर्धी यादी आपोआप पुसली जाईल.

पाचवी आणि सर्वांत अवघड गोष्ट ही की, देणगीदार, पदाधिकारी व पुढारी यांना दालनाच्या भिंतीवर जागा नसावी. त्यांचे आभार दाराबाहेरच्या फलकावर जरूर मानावे. निवड करणाऱ्यांत जुने खेळाडू, शिक्षक व खेळाचे लेखन करणारे असावेत. प्रत्येक निवडीचे कारण लेखी असावे आणि ते कोणासही वाचावयास मिळावे. नाहीतर काही वर्षांतच ते दालन सत्कारसमारंभाच्या छायाचित्रांनी भरून जाईल.

यावर कोणी म्हणेल, मैदानावर गवत नाही, पोरांना बूट नाहीत, आणि तुम्ही भिंतीवर तसबिरी लावता? हा आक्षेप खरा आहे, आणि आम्ही तो टाळीत नाही. एका बाजूस मैदान आणि दुसऱ्या बाजूस दालन असे मांडून एकच निवडावे लागले तर आम्ही मैदानच निवडू. पण यादी करण्यास इमारत लागत नाही. शंभर पानांची वही लागते. बडोद्यास दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी व्यायामज्ञानकोश संपादून दहा खंडांत व्यायामविद्येची माहिती एकत्र केली. असे काम चिकाटीने होते. संगमरवराने ते होत नाही.

शिवाय नुसती इमारत बांधून नावे टिकत नाहीत, हेही त्याच न्यूयॉर्कच्या दालनाने दाखविले आहे. मोठ्या थाटाने बांधलेली ती जागा विद्यापीठाने १९७३ साली विकली. १९७६ नंतर तेथे कोणाची निवड झाली नाही. पुतळे अजून आहेत, आवारात दुसरे महाविद्यालय आहे, आणि एके काळी ज्या निवडीची देशभर चर्चा होई ती आज कोणास आठवत नाही. जे दालन दरवर्षी नव्या माणसांनी वाचले जात नाही, ते ढालींच्या कपाटासारखेच होते. म्हणून दालन असावे ते जेथे मुले रोज येतात तेथे, मैदानाच्या दाराशी. आत येणाऱ्या नव्या मुलाने आपल्या गावाचे नाव भिंतीवर वाचले पाहिजे. आपल्या गावचाही कोणी येथवर आला होता, आणि त्याला अमक्या मास्तरांनी शिकविले होते, एवढे त्यास कळले की दालनाचे काम झाले.

आता समारोप. ही वही सुरू करण्यासाठी विद्यापीठाच्या ठरावाची वाट पाहण्याचे कारण नाही. आपल्या घरी जुन्या संघाचे छायाचित्र असेल तर आज रात्री ते खाली काढा. खुर्चीवर बसलेले कोण, उभे कोण, खाली मांडी घालून बसलेले कोण, हे घरातील वडील माणसास विचारा आणि पाठीमागे पेन्सिलीने लिहा. सर्वांत कडेला, गळ्यात शिट्टी अडकवून उभा असलेला जो गृहस्थ असेल, त्याचे नाव विसरू नका. महाविद्यालयांची जुनी वार्षिके रद्दीत जाऊ देऊ नका. १९६० सालच्या सुमारास जे मैदानावर होते ते आज ऐंशी वर्षांच्या पुढचे आहेत. त्यांना चालवत नसेल तर आपण त्यांच्याकडे जावे.

आमच्या ड्रिलमास्तरांकडे आम्ही गेलो नाही. गेलो तेव्हा घराला कुलूप होते, आणि शेजाऱ्यांनी सांगितले की त्यांना जाऊन दोन वर्षे झाली. शाळेतील कपाटाची किल्ली त्यांच्यानंतर कोणाकडे गेली हेही कोणास सांगता आले नाही. आपल्यापैकी ज्यांचे मास्तर अजून हयात आहेत त्यांनी या आठवड्यातच त्यांना भेटावे, एवढेच आमचे मागणे आहे.